बी-स्कूलच्या अर्जात विखुरलेला अनुभव आणि नेतृत्व कसं मांडायचं

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांचा सीव्ही ऐकून मामा-काका विचारतात, "अरे, एका जागी टिकत का नाहीस?" दोन वर्षं कारखान्यात, मग एखादी संस्था, मधे काही महिने घरच्या दुकानात, आता पुण्यात स्टार्टअप. असा माणूस एमबीएचा अर्ज उघडतो आणि पहिल्याच पानावर अडतो. पद, कंपनी, तारखा, बढती: सगळे रकाने एकाच शिडीवर चढत गेलेल्यांसाठी आखलेत असं वाटतं.

माझीही वाट वाकडीच होती. शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री (ओतकामाचा कारखाना), मग माण तालुक्यात पाणलोटाचं काम करणारी एक संस्था, मग स्टार्टअप आणि तिथून इन्सेड ही फ्रान्समधली बी-स्कूल. तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक आपले अर्ज सबमिट करण्याआधी मला वाचायला पाठवतात. ते वाचून माझं एक मत पक्कं झालंय. नोकऱ्या किती आणि कोणत्या, यावर बी-स्कूलची प्रवेश समिती फार वेळ घालवत नाही. त्या त्या जागी तुम्ही काय ठरवलंत, कशाच्या आधारावर ठरवलंत आणि लोकांनी तुमचं का ऐकलं, हे तिला हवं असतं. खाली जी खटपट सांगतोय ती तेवढ्यासाठीच.

अर्ज अर्थातच इंग्रजीत भरायचा असतो. इथली उदाहरणं मराठीत देतोय, ती तशीच उचलून भाषांतर करू नका.

१. आधी कुठे अर्ज करताय ते ठरवा

अनुभव सगळीकडे सारखा वाचला जात नाही. आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कॅटचे गुण, दहावी-बारावी-पदवीचे टक्के आणि महिन्यांत मोजलेला अनुभव यांचं गणित होऊन मुलाखतीचा कॉल येतो. तिथे तुमची कहाणी मुलाखतीच्या खोलीत पोचल्यावरच कामाला येते. अंधेरीची एसपीजेआयएमआर प्रोफाइलकडे जास्त लक्ष देते. आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपी या एमबीएसारख्या अभ्यासक्रमाला साधारण दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या अनुभवी लोकांसाठीच्या अभ्यासक्रमाला किमान चार वर्षांचा. पदवी हातात येण्याआधीची इंटर्नशिप यात धरत नाहीत, कितीही मोठ्या कंपनीत केली असली तरी.

हा लेख मुख्यतः आयएसबी, पीजीपीएक्स आणि परदेशी बी-स्कूलसाठी आहे, कारण निबंध, शिफारसपत्रं आणि सविस्तर कामाचा इतिहास हे सगळं तिथे मागतात. अमेरिकेत अर्जांचा पहिला राउंड सप्टेंबरच्या आसपास बंद होतो, दुसरा जानेवारीच्या पहिल्या काही दिवसांत. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत निबंधाला हात घालणारा दुसऱ्या राउंडलाही धावतपळतच पोचतो.

जीमॅटबद्दल, म्हणजे या बी-स्कूलच्या प्रवेश परीक्षेबद्दल, एकच सांगतो. नोव्हेंबर २०२३ पासून परीक्षा नव्या स्वरूपात आली, गुण २०५ ते ८०५ असतात. जुन्या परीक्षेतले ७०० म्हणजे नव्यातले साधारण ६४५. ऑफिसातल्या सीनियरने "सातशे तरी पाहिजेतच रे" म्हटलं की आधी त्याने कुठल्या साली परीक्षा दिली ते विचारा.

२. कागदपत्रं आधी गोळा करा

निबंध लिहायला बसण्याआधी हे का? कारण तारखा. चार ठिकाणी काम केलेल्या माणसाला कुठून कधी बाहेर पडलो हे नीट आठवत नाही, आणि अर्जात लिहिलेली तारीख पुढे पडताळणीत तपासली जाते.

- प्रत्येक कंपनीचं नियुक्तिपत्र, बढतीचं पत्र, रिलीव्हिंग लेटर
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि दरवर्षीचे फॉर्म १६
- ईपीएफ पासबुक आणि यूएएन पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी
- पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, ट्रान्स्क्रिप्ट, पासपोर्ट
- घरचा किंवा स्वतःचा धंदा असेल तर गुमास्ता, उद्यम नोंदणी, जीएसटी विवरणपत्रं, आयकर विवरणपत्रं, भागीदारी असेल तर करारनामा
- संस्थेत काम केलं असेल तर मानधनाची पत्रं आणि संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक

यात ईपीएफकडे विशेष लक्ष द्या. छोट्या कंपन्या बाहेर पडल्याची तारीख भरतच नाहीत, किंवा भलतीच भरतात. रिलीव्हिंग लेटरवर ३१ मार्च आणि पोर्टलवर १५ फेब्रुवारी असेल तर आत्ताच जुन्या एचआरच्या मागे लागा. अर्ज गेल्यावर हे निस्तरायला फार जड जातं.

३. प्रत्येक कामाचं एक पान लिहा

रेझ्युमे उघडू नका. साधी वही घ्या आणि प्रत्येक कामासाठी या प्रश्नांची उत्तरं लिहा: काय बिघडलं होतं किंवा कोणालाच सुटत नव्हतं? मी काय ठरवलं? कोणी विरोध केला, आणि त्याचं म्हणणं काय होतं? नंतर काय बदललं, आणि तो आकडा कुठल्या कागदावर सापडेल?

माझंच एक पान सांगतो. फाउंड्रीत माझ्याकडे ग्रीन सँड मोल्डिंगची, म्हणजे ओलसर वाळूचे साचे करण्याची लाइन होती. तिसऱ्या पाळीचं कास्टिंग ब्लोहोलमुळे (धातूत वायू अडकून पडणारी पोकळी) जास्त रिजेक्ट व्हायचं आणि खापर त्या पाळीच्या मोल्डरवर फुटायचं. हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक खेपेचा क्रमांक) धरून मागे गेलो तर दिसलं की पाळीच्या सुरुवातीचा माल बरा होता, पहाटेचा खराब. दोन पाळ्या सलग चालून शेकआउटहून (साचा फोडून कास्टिंग काढतात ती जागा) परत येणारी वाळू तोवर थंडच होत नव्हती. गरम वाळूत घातलेलं पाणी उडून जायचं, मग मिक्सरवरचा माणूस मुठीत वाळू दाबून अंदाजाने आणखी पाणी मारायचा, आणि ओलावा सतत वर-खाली. मी ठरवलं ते एवढंच: पहाटे लाइनचा वेग कमी करायचा आणि ओलाव्याची चाचणी दर तासाला घ्यायची. उत्पादन घटेल म्हणून प्लॅनिंगवाले विरोधात. लॅबचा माणूस रात्री नसायचा, त्यामुळे चाचणी घ्यायला शिकवायचं कोणाला? ज्याच्यावर खापर फुटत होतं त्या मोल्डरलाच शिकवली.

असं काम सीव्हीच्या पहिल्या मसुद्यात हमखास "गुणवत्ता सुधारणेसाठी जबाबदार" एवढंच होऊन बसतं. या वाक्यात वाळू नाही, विरोध नाही, मोल्डर नाही, आणि मीही नाही.

एका कामाला एक पान पुरलं नाही तर पुढचं घ्या. पण एखाद्या कामाबद्दल पान भरतच नसेल तर जबरदस्तीने भरू नका. ते काम रेझ्युमेत एका ओळीचं आहे हे आत्ताच कळलं, बरं झालं.

४. एका कामातून दुसऱ्यात का गेलात, ते खरं लिहा

विखुरलेला अनुभव असणाऱ्यांची सगळ्यात मोठी धडपड असते ती सगळ्याला एका सूत्रात ओवण्याची. "मला लहानपणापासून समाजासाठी काहीतरी करायचं होतं" असं म्हणून फाउंड्रीही त्यात बसवतात, संस्थाही आणि सेल्सची नोकरीही. वाचणाऱ्याला शिवण लगेच दिसते. फाउंड्रीत कॅम्पसमधून लागलो, कारण मेकॅनिकलला तेव्हा तीच कंपनी आली होती, हे लिहायला काहीच हरकत नाही. निवड तिथे नव्हती. निवड सुरू झाली ती फाउंड्री सोडताना.

इन्सेडच्या अर्जात माझ्या वेळी नोकरीवरचे दोन छोटे निबंध होते. एकात सध्याचं काम: हाताखाली किती माणसं, बजेट किती, ग्राहक किती, निकाल काय. दुसऱ्यात पदवीपासूनचा सगळा प्रवास, आणि प्रत्येक निवडीमागचं कारण. इतर कुठे असा प्रश्न सरळ नसतो, पण नोकरी सोडण्याचं कारण विचारणारा बारीकसा रकाना बहुतेक अर्जांत असतोच. दोन्हीकडे उत्तर जुळलं पाहिजे.

प्रत्येक वळणासाठी दोनच वाक्यं लिहून बघा: तोवर मला काय येऊ लागलं होतं, आणि काय येत नव्हतं म्हणून पुढे गेलो. माझ्या बाबतीत, कारखान्यात प्रश्न शोधून काढायला शिकलो होतो, पण तिथे लोक पगारामुळे ऐकायचे. माणमध्ये शेतकऱ्याला माझं ऐकायचं काहीच कारण नव्हतं. हे कारण साधं आहे, पण खरं आहे आणि पुढच्या अर्जालाही तेच पुरलं.

कारणं नेहमी इतकी छान नसतात. कंपनी बंद पडली, कोविडमध्ये कपात झाली, वडील आजारी म्हणून गावी परतावं लागलं. यातलं काहीही दोन वाक्यांत सरळ सांगता येतं. सांगा आणि पुढे चला. रडगाणं नको, जुन्या साहेबाची निंदा तर अजिबात नको.

आता खास आपल्याकडचं खिंडार: एमपीएससी-यूपीएससी. सदाशिव पेठेत खोली घेऊन दोन-तीन वर्षं अभ्यास केला, पूर्व निघाली, मुख्य अडली, आणि मग नोकरी. असे अर्ज माझ्याकडे बरेच येतात, आणि बहुतेकांनी ती वर्षं कुठेतरी दडवलेली असतात. आधीच्या नोकरीची तारीख ताणतात, नाहीतर "फ्रीलान्स सल्लागार" असं काहीतरी टाकतात. हे करू नका. तारीख ताणलेली ईपीएफ पासबुकात उघडी पडते. आणि फ्रीलान्स म्हटलं की ग्राहक कोण, बिल कुठे, हे मुलाखतीत विचारतातच. बहुतेक अर्जांत शेवटी एक ऐच्छिक निबंध असतो, तो याच कामासाठी. परीक्षा कोणती, किती काळ दिला, कुठवर पोचलात, का थांबलात: चार-पाच ओळी पुरतात. भारताबाहेरच्या वाचकाला एका वाक्यात सांगा की लाखो उमेदवारांतून मोजक्या जागा भरणारी ही सरकारी परीक्षा आहे. त्या काळात अभ्यासिका चालवली असेल, धाकट्या मुलांना शिकवून खर्च भागवला असेल, तर तेही लिहा, पण जितकं केलं तितकंच.

५. नेतृत्व म्हणजे पद नाही, हे अर्जात दिसू द्या

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक अर्ज इथेच पांगळे होतात.

"टीम लीड, दहा जणांची टीम" हे वाचून समितीला एवढंच कळतं की कंपनीने तुम्हाला दहा जण दिले. त्या दहांनी तुमच्यामुळे वेगळं काय केलं, हे कुठे आहे? मी प्रत्येकाला एकच कसोटी लावायला सांगतो: ज्यांना तुमचं ऐकायची सक्ती नव्हती अशी कोणती माणसं तुमच्या म्हणण्यावर चालली? दुसऱ्या विभागातला फोरमन, तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा कंत्राटदार, ग्राहकाकडचा खरेदी अधिकारी, गावातला एखादा नाठाळ माजी सरपंच. तिथे खरी गोष्ट सापडते. हाताखाली एकही माणूस नसलेल्यांकडेही ती सापडते, आणि पुष्कळदा त्यांच्याकडेच चांगली असते.

बी-स्कूलचे प्रश्नही त्याच दिशेचे आहेत. हार्वर्डने २०२४ मध्ये आपला एकच खुला निबंध बदलून तीन छोटे निबंध आणले. त्यातल्या नेतृत्वावरच्या अडीचशे शब्दांत विचारतात की तुम्ही कशाने घडलात, इतरांसाठी स्वतःला कसं खर्ची घालता आणि कशा प्रकारचे नेते व्हायचंय. पदाचं नावही त्यात नाही. स्टॅनफर्डच्या ऐच्छिक छोट्या उत्तरांत तुमच्या कामाचा परिणाम विचारतात, आणि तो नोकरीतला, शिक्षणातला किंवा बाहेरचा, कुठलाही चालतो असं स्वच्छ सांगतात. अमेरिकेतली एमआयटी स्लोन तर तुमच्या विभागाचा ऑर्ग चार्ट (कोण कोणाच्या हाताखाली याचा तक्ता) मागते आणि त्यात तुमची जागा लाल वर्तुळात दाखवायला लावते. तो चार्ट काढून बघा, अर्ज तिथे करायचा नसला तरी. ज्या माणसांकडून तुम्ही काम करून घेतलंत ती तुमच्या चौकटीच्या खाली नसतील, शेजारी किंवा वर असतील, तर ते निबंधात येऊ द्या.

नोकरीबाहेरच्या गोष्टींबाबत आपण उगाच लाजतो. गणपती मंडळ, ढोल-ताशा पथक, वारीतलं सेवापथक, २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कपसाठी केलेलं श्रमदान, सोसायटीच्या पुनर्विकासाची समिती: यातलं काय चालेल असं विचारतात. सगळं चालतं. फक्त "सचिव, अमुक मित्र मंडळ" एवढं लिहिलंत तर फाँतेनब्लोमध्ये, इन्सेडच्या फ्रान्समधल्या कॅम्पसवर, बसलेल्या वाचकाला काय कळणार?

एका ओळखीच्या मुलाच्या मसुद्यात नेमकं हेच होतं. त्याला फोनवर विचारत गेलो तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत डीजे असायचा. दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे आणि राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करतं, हा नियम मंडळात सगळ्यांना माहीत होता. तरी आदल्या वर्षी गुन्हा दाखल झाला होता. याने डीजेऐवजी पथक आणायचं सुचवलं. जुने कार्यकर्ते म्हणाले, पोरं येणारच नाहीत, वर्गणी बसेल. मग हा प्रत्येक गल्लीतल्या पोरांना भेटला, पथकाच्या सरावाला घेऊन गेला, वर्गणीचा हिशोब पहिल्यांदा फलकावर लावला. मिरवणूक वेळेत संपली. आणि त्याच्या सीव्हीत काय होतं? "सांस्कृतिक कार्यक्रमांत सक्रिय सहभाग."

स्वतःचं कौतुक स्वतः करायचं नाही असं आपल्याला घरीच शिकवलेलं असतं, त्यामुळे निबंधभर "आम्ही केलं, टीमने केलं" चालतं. अर्ज वाचणाऱ्याला त्या टीममध्ये तुम्ही कुठले ते शोधायला वेळ नसतो. मात्र उलट टोकही तितकंच वाईट. सगळं श्रेय एकट्याने घेतलं की वाचणारा सावध होतो. दुसऱ्याने काय केलं ते एका वाक्यात द्या, मग तुम्ही काय केलं ते. माझ्या गोष्टीतला मोल्डर काढून टाकला असता तर ती गोष्टच उरली नसती.

ज्या वेळी लोक तुमच्यामागे आले नाहीत, तोही एक प्रसंग वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत तो मागतातच, आणि तेव्हा "मी फार परफेक्शनिस्ट आहे" छापाचं उत्तर सुचण्यापेक्षा तयार असलेलं बरं.

६. रेझ्युमे एका पानाचाच

आयटीतल्या लोकांना चार पानांच्या रेझ्युमेची सवय असते, प्रत्येक प्रोजेक्टचं टेक्नॉलॉजी स्टॅक वगैरे. इथे एक पान. आता वहीतून ओळी काढा.

आधीची ओळ: "फाउंड्रीत उत्पादन व गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली."

नंतरची ओळ, नमुन्यादाखल: "हीटनिहाय नोंदींवरून पहाटेच्या रिजेक्शनचं मूळ गरम वाळूत असल्याचं शोधलं, उत्पादन विभागाचा विरोध असताना लाइनचा वेग बदलून घेतला, चार महिन्यांत रिजेक्शन ९ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर."

आकडा नसेल तर नसू द्या, पण मग बदल डोळ्यांना दिसेल असा लिहा. आणि आकडा लिहिला की तो कुठून आला हे सांगता आलं पाहिजे.

काही सापळे पटापट सांगतो. लाख-कोटी परदेशात कोणाला कळत नाहीत. रुपये दशलक्षांत लिहा किंवा डॉलरमध्ये, आणि स्वल्पविरामही त्यांच्या पद्धतीने द्या. जीईटी, डीजीएम, एमआयडीसी, पीपीसी असली आद्याक्षरं फोडून लिहा. कंपनी फारशी माहीत नसेल तर नावापुढे अर्धी ओळ: काय बनवते, किती माणसं. पदाचं नाव नियुक्तिपत्रावर आहे तेच. "ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी"चं "प्रॉडक्शन मॅनेजर" करू नका. ट्रेनी असताना मोठं काम केलंत तर ते जास्त चांगलं दिसतं. काम चार ठिकाणी झालं असेल तर प्रत्येकाला समान जागा देण्याची गरज नाही. सहा महिन्यांच्या कामाला एक ओळ आणि जिथे खरंच काही घडलं त्याला पाच ओळी, हे योग्यच आहे.

७. घरचा धंदा, संस्था, फ्रीलान्स

कृषी सेवा केंद्र, पेंट्सची डीलरशिप, दूध संकलन, प्रिंटिंग प्रेस. "बाबांना मदत करत होतो" असं लिहून लोक दोन वर्षं पाण्यात घालतात. धंद्यासारखं लिहा: उलाढाल किती, माणसं किती, तुम्ही आल्यावर काय बदललं. कृषी सेवा केंद्रात खरी कसरत उधारीची असते. शेतकरी हंगाम निघाल्यावर पैसे देतो आणि कंपनी तुमच्याकडून आधीच घेते. ती उधारी कोणाला किती आणि कुठवर द्यायची याची पद्धत तुम्ही बसवली असेल, वसुलीचे दिवस कमी झाले असतील, तर ते वित्त-व्यवस्थापनच आहे. टॅलीतला अहवाल काढून आकडा लिहा.

स्वतःला "सीईओ" करू नका. वडील मालक असतील तर तसंच लिहा. पगार घेत नव्हता तर तेही लिहा. वरिष्ठाच्या रकान्यात वडिलांचं नाव आलं तर येऊ द्या, ते लपवण्यासारखं नाही. मात्र शिफारसपत्र त्यांच्याकडून चालत नाही, नात्यातल्या कोणाकडूनच नाही.

८. शिफारसपत्रं

बहुतेक ठिकाणी दोन लागतात. स्लोन एकच पत्र घेते आणि आणखी दोघांचे संपर्क मागते. जीमॅट घेणाऱ्या जीमॅकने एक सामायिक नमुना केलाय आणि पुष्कळ बी-स्कूल तोच वापरतात. त्यात दोन मुख्य प्रश्न आहेत: अशाच भूमिकेतल्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत हा कसा, आणि तुम्ही त्याला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता, त्यावर तो कसा वागला. दुसरा प्रश्न नीट वाचा. ज्या साहेबाने तुम्हाला कधी टोकलंच नाही, तो या प्रश्नाला काय लिहिणार? म्हणून मोठ्या हुद्द्याच्या मागे लागू नका. एमडीने सही केलेलं गुळगुळीत पत्र शॉपफ्लोअरवर तुमच्याशी भांडलेल्या मॅनेजरच्या पत्रापुढे फिकं पडतं.

आणि मग तो प्रसिद्ध संवाद. "साहेब, शिफारसपत्र हवं होतं." "अरे दे ना, तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्याकडे यात कोणाला काही गैर वाटत नाही, उलट तो आपलेपणा असतो. पण बी-स्कूलला उमेदवाराने लिहिलेलं पत्र चालत नाही, आणि दोन्ही पत्रं तुमच्याच भाषेत आली की ते ओळखू येतं. साहेबांचा मान राखून असं सांगता येतं: "सर, लिंक थेट तुमच्या ईमेलवर येते आणि तुम्हालाच भरावी लागते. आपण सोबत केलेल्या कामांची आठवण म्हणून मी एक पान देतो, त्यातलं तुम्हाला पटेल तेच लिहा." त्या पानावर वहीतले तीन-चार प्रसंग, साल-महिन्यासह. वाक्यं तयार करून देऊ नका. इंग्रजीची भीती वाटत असेल तर त्यांना सांगा की साधी वाक्यं चालतात, किस्सा महत्त्वाचा.

अनेक नोकऱ्या असतील तर दोन पत्रं दोन वेगळ्या ठिकाणची घ्या, एक शक्यतो सध्याच्या किंवा अगदी अलीकडच्या कामाचं. सध्याच्या ऑफिसात सांगता येत नसेल तर माजी वरिष्ठ किंवा जवळून पाहिलेला ग्राहक चालतो; सध्याच्या साहेबांचं पत्र का नाही, ते ऐच्छिक निबंधात एका ओळीत सांगा. घरच्या धंद्यातल्यांनी पुरवठादार कंपनीचा एरिया मॅनेजर, मोठा ग्राहक किंवा सीए यांच्याकडे जावं. सणासुदीत, मार्चएंडला आणि ऑडिटच्या आठवड्यात कोणाच्याही मागे लागू नका, निदान दीड महिना आधी विचारा.

९. निबंध

वही नीट भरली असेल तर निबंध निम्मा झालेला असतो. एका निबंधात एकच प्रसंग, आणि तो तुम्ही ठरवण्याच्या क्षणाजवळ सुरू करा. माण तालुक्यातल्या पर्जन्यमानावर पहिले शंभर शब्द खर्च केले तर उरलेल्या दीडशेत तुम्ही कधी येणार? एकाच बी-स्कूलच्या निरनिराळ्या निबंधांत वेगवेगळ्या कामांतले प्रसंग वाटून टाका. चार ठिकाणी काम केल्याचा खरा फायदा इथे मिळतो, एकाच कंपनीत सात वर्षं काढलेल्याला ही चैन नसते.

पुढे काय करायचंय या प्रश्नाला फुगवून उत्तर देऊ नका. कोणत्या प्रकारच्या कंपनीत, कोणत्या कामावर, आणि तुमच्या आधीच्या कामांतलं काय तिथे उपयोगी पडेल. चारपैकी दोनच कामं उपयोगी पडत असतील तर दोनच सांगा.

कन्सल्टंट घ्यावा का? व्याकरण तपासायला, प्रश्न विचारून बोलतं करायला घेतलात तर ठीक. लिहून देणारा नको. त्याने लिहिलेला निबंध आणि मुलाखतीत बोलणारे तुम्ही, दोन वेगळी माणसं वाटता.

१०. मुलाखत आणि पडताळणी

इन्सेडच्या मुलाखती माजी विद्यार्थी घेतात, साधारणपणे दोन होतात. हार्वर्डची अर्ध्या तासाची असते आणि घेणाऱ्याने तुमचा अख्खा अर्ज वाचलेला असतो. व्हार्टनमध्ये पाच-सहा जणांना एकत्र बसवून चर्चा करायला लावतात. तिथे सगळ्यात जास्त बोललेला पुढे जातो असं नाही, गप्प बसलेल्याला ओढून चर्चेत आणणारा लक्षात राहतो.

सरावासाठी आरशासमोर बोलू नका. तुमच्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला गाठा, बँकेत काम करणारी मावशी किंवा शिक्षक असलेला भाऊ, आणि त्यांना माझ्या वाळूच्या गोष्टीसारखी तुमची गोष्ट सांगा. ते मधेच "म्हणजे काय?" विचारतील, तिथे तुमचं उत्तर दुरुस्त करा. "इतक्या नोकऱ्या का बदलल्या?" हा प्रश्न येणारच. चौथ्या पायरीवर लिहिलेली वाक्यं तेव्हा तोंडात असू द्या, पण पाठ केल्यासारखी नकोत.

ऑफर आली की बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या एजन्सीकडून पडताळणी होते. जुन्या कंपन्यांना ईमेल जातात: हा माणूस तुमच्याकडे होता का, कधीपासून कधीपर्यंत, पद काय, पगार किती. छोट्या फाउंड्रीतला अकाउंटंट असा परदेशी ईमेल स्पॅम समजून डिलीट करतो. म्हणून ऑफर आल्या-आल्या प्रत्येक जुन्या ठिकाणी फोन करा, कोणाच्या ईमेलवर विचारणा येईल ते सांगा, रिलीव्हिंग लेटरची प्रत त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. एखादी कंपनी बंद पडली असेल तर फॉर्म १६, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि ईपीएफची नोंद एकाच पीडीएफमध्ये जोडून तयार ठेवा, एजन्सी मागेल तेव्हा लगेच देता येते.